दाराच्या आतला ऑक्सिजन

मी ऑक्सिजनचा सिलिंडर बोलतोय. माणसाच्या कमरेएवढा उंच, पांढऱ्या रंगाचा, मानेशी चावी लटकवलेला. मला बोलायची सवय नाही. झडप उघडताना 'फुस्स' होतं, तेवढाच काय तो माझा आवाज. पण यंदाच्या मार्चअखेरीस मी जे ऐकलं, ते पोटात ठेवून मला राहवत नाही. अजून माझा त्यावर नीट विश्वासही बसलेला नाही.

एका कारखान्यात अॅल्युमिनियमच्या गोळ्यावर दणका बसला आणि मला आकार आला. पाण्यात बुडवून, पोटात दाब भरून माझी परीक्षा झाली आणि खांद्यावर शिक्के उठले. सुरुवातीची वर्षं मी अॅम्ब्युलन्समध्ये काढली. मग एका वृद्धाश्रमात, खिडकीशी बसून सरोवराकडे बघत राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या खाटेजवळ. त्या गेल्या आणि मला केंट रस्त्यावरच्या, नशेच्या सुया टोचून घेणाऱ्यांसाठीच्या केंद्रात आणलं.

तिथे पूर्वी बुटांचं दुकान होतं. आता आत चार टेबलं, प्रत्येकापुढे आरसा, एक खुर्ची आणि सुया टाकायचा पिवळा डबा. पहिल्याच दिवशी मी हादरलो. माणसं खिशात स्वतःचं विष घेऊन येत होती. नर्स त्यांना कोरी सुई देत होती, हात धुवायला सांगत होती आणि समोर बसून बघत होती. मी दवाखान्याच्या शिस्तीत वाढलेला. मनात म्हटलं, हे कसलं औषधपाणी? विष घ्यायला मदत करायची आणि वर पहारा ठेवायचा?

त्याच दुपारी डर्मट हॅलोरन दुसऱ्या टेबलावर काळानिळा पडला.

हा डर्मट घरांची छपरं शाकारणारा. मूळचा दूर पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा, कामासाठी इकडे आलेला. शिडीवरून पडून कंबर मोडली, दुखणं थांबवायला गोळ्या मिळाल्या, मग गोळ्या मिळेनाशा झाल्या आणि दुखणं राहिलं. पुढे तो गल्लीत मिळेल ते घेऊ लागला. हल्ली त्या मालात काय काय मिसळलेलं असतं, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सुई टोचली की माणूस क्षणात श्वास घ्यायचंच विसरतो.

नर्स ओडीलने धावपळ केली नाही. मला टेबलाजवळ ओढलं, चावी फिरवली, डर्मटच्या तोंडावर मास्क धरला.

"डर्मट, श्वास घे. ऐकतोयस ना? ओढ आत. हां, अजून एक."

माझ्यातलं वारं त्याच्यात जात होतं. ओठांवर हळूहळू रंग आला. डोळे उघडल्यावर त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझं याच्याशीच लग्न लावून टाका. उठल्याउठल्या याचंच तोंड दिसतंय."

"त्याला विचारलंय का? तो नाही म्हणेल. दाढी कर आधी," ओडील म्हणाली. ती हसली, पण पुसलेलाच मास्क पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मी तिच्या हाताखालीच होतो, म्हणून मला कळलं.

तेव्हापासून मी शंका घेणं सोडलं. कितीदा रिकामा झालो आणि भरून परत आलो, याला गणती नाही. डर्मटसाठीच आणखी एकदा. माझ्या देखत त्या खोलीत एकही माणूस मेला नाही. काही जण तिथून दवाखान्यात भरती झाले, काही व्यसनातून सुटले, काही तसेच येत राहिले. ओडील कुणालाही उपदेश करत नसे. जेवलास का, पायाची जखम दाखव, आज थंडी आहे, मोजे घेऊन जा, एवढंच बोलायची. कुणी गप्प बसला की मात्र ओरडायची, कारण गप्प बसणाऱ्याचीच तिला भीती.

समोर लुचानोकाकांची बेकरी होती. सकाळी पावाचा वास आमच्या दारातून आत यायचा. एकदा काका कागदी पिशवी घेऊन रस्ता ओलांडून आले. पिशवीत वापरलेली सुई होती.

"माझ्या मागच्या दारात सापडली. नात खेळते तिथे माझी. चार वर्षांची आहे."

"चुकलं काका. आत्ता येते," म्हणत ओडीलने चिमटा आणि डबा उचलला.

"आज उचलशील. उद्या? तुम्ही यांना आत बसवून लाड करता, म्हणून सगळा गाव इथे जमतो."

"आत बसवलं नाही तर ते तुमच्या मागच्या दारातच बसतील. आज काही ते थांबणार नाहीत. आज जगले, तर उद्या थांबायचा विचार तरी करतील."

"मला भाषण नको गं. मला माझी गल्ली हवी."

त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. नातीच्या पायात सुई घुसली असती तर? ओडीललाही तसंच वाटलं असावं, कारण ती तेव्हापासून रोज गल्ली झाडायला लागली. तरी काकांनी दुकानाच्या काचेवर पाटी लावली: 'केंद्र हटवा'. गल्लीतल्या आणखी बऱ्याच दुकानांवर तशीच पाटी लागली. सभा झाल्या, आरडाओरडा झाला. शेवटी सरकारचा हुकूम आला, जवळच शाळा आहे, असं केंद्र इथे चालणार नाही.

शेवटच्या दिवशी डर्मट खुर्चीवर उगाच बसून राहिला.

"आता कुठे जाशील?" ओडीलने विचारलं.

"ते दुसरं केंद्र आहे ना, गावाच्या त्या टोकाला. दोन बस बदलून. गेलो होतो परवा. रांग बघूनच कंबर बोलायला लागली."

"एकटा घेऊ नकोस, डर्मट. कुणाला तरी जवळ बसव. ऐकतोयस ना?"

"कुणाला बसवू, सिस्टर? ज्यांना बसवायचं, त्यांचीही तीच गत." मग तिचा चेहरा बघून तो म्हणाला, "घेईन सांभाळून. तोंड पाडू नका, तुम्हाला शोभत नाही."

दार बंद झालं. काचेला आतून तपकिरी कागद चिकटवला गेला. ओडील आवराआवर करायला येत राहिली. मला दाराशी उभं केलं होतं, गाडी आली की न्यायला सोपं जावं म्हणून. त्याच आठवड्यात मला भरून आणलं होतं. पोट गच्च होतं.

त्या सकाळी ओडील तळघरात खोकी बांधत होती. बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केलं. थांबून पुन्हा केलं. मग पाठ दाराला घासत कुणीतरी खाली बसलं. खोकल्यावरून मी ओळखलं. डर्मट होता. दार उघडणार नाही हे त्यालाही माहीत होतं. तरी तो तिथेच बसला. कुणाच्या तरी नजरेला पडू, असं त्याला वाटलं असेल का, ते मला सांगता येणार नाही.

सुईचं टोपण उघडल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, दमलेला गडी घोरतोय. दोघे-तिघे जण बोलत, पावलं न थांबवता पुढे गेलेसुद्धा. पण त्या खोलीत राहिलेल्या कुणालाही श्वास बुडत चालल्याचा तो आवाज झोपेतही कळेल. ओडीलच्या कानावर पडता तर ती जिना दोन उड्यांत चढली असती. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मधे काच, काचेला कागद, दाराला कुलूप. मला हात नाहीत. माझी झडप स्वतःहून उघडत नाही. घरघर तुटक झाली, लांबली आणि थांबली.

मग धावत आलेली पावलं, आणि काचेवर दोन्ही मुठींचे दणके.

"दार उघड! अगं ए ओडील, दार उघड!"

लुचानोकाका होते. ओडील वर धावली, कुलूप काढलं. काका पिठाच्या हातांनी डर्मटचं डोकं धरून बसले होते. तिने मला पायरीवर ओढलं, चावी फिरवली, मास्क लावला. मांडीत विषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, दुसरंही दिलं. काका तिच्या सांगण्याप्रमाणे छातीवर दाब देत राहिले. मी होतं नव्हतं तेवढं वारं सोडत होतो. ते आत जात होतं आणि तसंच बाहेर येत होतं. त्याच्या ओठांवर रंग आला नाही.

अॅम्ब्युलन्सवाल्यांनी ओडीलच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती थांबली.

काका पायरीवरच बसून राहिले. कपाळालाही पीठ लागलं होतं. आमच्या दाराकडे बघत त्यांनी विचारलं,

"दार बंद का होतं?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते, जणू काही आठवतच नव्हतं त्यांना. त्यांच्या पाठीमागे रस्त्यापलीकडे त्यांची पाटी तशीच होती. ओडीलने एकदा तिकडे पाहिलं. मग वाकून तिने माझी चावी बंद केली.

काही दिवसांनी डर्मटची बहीण ब्रीजिड आली. जाड कोट, हातात भावाची एक पिशवी, बाकी काही नाही. ओडीलने तिला आत घेतलं. तोवर टेबलं गेली होती, एक खुर्ची राहिली होती.

"फोनवर सांगायचा, मला एक क्लब सापडलाय म्हणून," ब्रीजिड म्हणाली. "म्हणायचा, तिथे गप्प बसलं की शिव्या घालतात. मला वाटलं, पत्त्यांचा अड्डा असेल. दारूचा असेल."

"शिव्या मीच घालायचे," ओडील म्हणाली.

ब्रीजिड खुर्चीवर बसली. तिने भिंतीकडे पाहिलं, जिथे आरशाचा चौकोन पांढरा उमटला होता. मग तिची नजर माझ्याकडे गेली.

"हे काय आहे?"

"ऑक्सिजन."

"त्या दिवशी इथेच होतं?"

"हो. दाराशी."

"भरलेलं?"

ओडील खाली बघत म्हणाली, "हो. भरलेलं."

ब्रीजिडने मान हलवली. रडली नाही. उठून तिने माझ्या खांद्यावर तळहात ठेवला, गरम वस्तूला चाचपून बघावं तसा, आणि लगेच काढून घेतला. तो स्पर्श मी विसरू शकत नाही.

सध्या मी एका पुरवठादाराच्या शेडमध्ये आहे. मला पुन्हा भरलंय. गळ्यात 'भरलेला' अशी चिठ्ठी आहे. आजूबाजूला माझ्यासारखेच कितीतरी रांगेत उभे आहेत. कुठली गाडी येईल, कुठे नेईल, आम्हाला कुणी विचारत नाही. डर्मटसारखे बाकीचे कुठे बसत असतील, कुणाच्या मागच्या दारी, तेही मला कळायला मार्ग नाही.

माझं एवढंच मागणं आहे. कोण चांगलं, कोण वाईट, कुणाची गल्ली, कुणाचा हुकूम, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यातलं कळत नाही. फक्त माणूस दाराच्या ज्या बाजूला असेल, त्याच बाजूला मला उभं करा.