अर्ध्या घडीवरचा विनोद

आमच्या लाँड्रीत मोठ्या चादरींची घडी दोघी मिळून घालतात. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला आत्या. टोकं जुळवायची, झटका द्यायचा, चालत एकमेकींजवळ यायचं. हॉटेलच्या ओलसर, जड चादरी आल्या की आत्या मध्येच थांबून विनोद सांगायची. आम्ही पोट धरून हसायचो, ती छाती धरून.

मला एकच खटकायचं. उशांच्या हलक्या अभ्र्यांच्या वेळी तिला एकही विनोद आठवत नसे.

खोदून विचारलं तेव्हा तिने कबूल केलं. श्रम झाले की छाती आवळून येते. गेल्या वर्षी अँजिओग्राफी झाली होती. अडथळा अगदी किरकोळ निघाला. बॉयलर सांभाळणाऱ्या बाबांनी रिपोर्ट वाचून निकाल दिला होता, नखऱ्यांना औषध नसतं. तेव्हापासून ती गप्प. पुन्हा तक्रार केली तर दादा आपल्याला गल्ल्यावर बसवील, ही तिची धास्ती. पावत्या फाडत बसण्यापेक्षा कळ परवडली, म्हणाली.

आई आणि मी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणखी तपासण्या केल्या. मोठ्या धमन्या ठीक आहेत, पण हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्या श्रमाच्या वेळी पुरेशा उघडत नाहीत आणि त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या दिल्या. काम करा, पण दुखलं की थांबा, म्हणाले. पहिला नंबर आल्यासारखी आत्या घरी आली.

बाबांचं पालुपद तेच, नळ्या तर मोकळ्या होत्या. आत्याने इस्त्रीकडे बोट दाखवलं.

"दादा, बॉयलर भरलेला, पाइप मोकळा, तरी इस्त्री वाफ सोडत नाही. मग तू काय बघतोस?"

"तळाची छिद्रं," बाबा म्हणाले आणि आत्याकडे वळले. "ठमे, मी तुला नखरेल म्हणालो होतो."

"हो. आता गल्ल्यावर बसवणार?"

बाबांनी चादरींचा गठ्ठा उचलून परत यंत्रात टाकला. "अजून पिळून देतो. हलक्या होतील."

कळ अजून येते, पण कमी. आत्या आता सरळ "थांब" म्हणते आणि बसते. काल ती अर्ध्या घडीवर न बोलताच थांबली. आईने हातातलं टोक जमिनीवर सोडून स्टूल ओढलं, बाबा बॉयलर टाकून धावत आले. सगळे गोळा होईपर्यंत आत्या शांत उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "आज नुसता विनोद आहे."

चादर पुन्हा धुवावी लागली.