अडकलेली शिडी

जावयावर ओरडायचं नाही, हा नियम ज्याने केला त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. त्याची बिनपाण्याने केली नाही तर नाव बदलून ठेवा माझं.

जावईबापू समोरच्या खुर्चीत बसले होते आणि हसत होते. हातात माझा छोटा, खेळण्यातला आगीचा बंब. कपाटातून काढलेला, मला न विचारता.

"सरप्राइज, बाबा! तुम्ही डोळे तपासायला गेलात ना, तेवढ्यात उरकून टाकलं. याची शिडी जाम होती. कुणीतरी मूर्खाने आत गोंद ओतला होता. सगळा कोरून काढला, थोडं तेल सोडलं. आता बघा." त्यांनी बोटाने शिडी सारली. सर्रकन टोकापर्यंत गेली. "आणि ही काजळीही घासून काढली. कसा लखलखतोय!"

तो मूर्ख मी. काजळीही मीच धरली होती, मेणबत्तीवर, हात भाजून घेत.

बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चहाचा कप घेऊन मध्येच येऊन उभी राहिली. "जावई आहेत," ती दातांतल्या दातांत म्हणाली. माहितीये. म्हणून तर गप्प होतो. कानशिलं तापली होती नुसती.

मी जन्मभर आगीचा बंब चालवला. निवृत्त झाल्यावर छोटे बंब जमवायला लागलो. जुन्या काळातले, खऱ्याची हुबेहूब नक्कल असलेले. घोडे जुंपलेला आहे, वाफेच्या पंपाचा आहे, पितळी घंटेचा आहे. नळीचं रीळ फिरतं, दारं उघडतात, चाकाचे नटसुद्धा वेगळे दिसतात. बायको म्हणते, लोक नातवंडांना खेळणी आणतात, हे स्वतःलाच आणतात. म्हणू दे. जावईबापूंनाही हा नाद आहे, पण त्यांचं तंत्र निराळं. ते दातांच्या कवळ्या बनवतात. बारीक हत्यारं, बारीक नजर, आणि कुठे ओरखडा दिसला की हात शिवशिवतात. "संग्रहात मोडका नग ठेवत नाहीत, बाबा," हे त्यांनी मला आल्या दिवशीच ऐकवलं होतं. तेव्हाच कपाटाला कुलूप लावायला हवं होतं.

कारण तो नग मोडका नव्हता. कपाटात तेवढा एकच बंब होता ज्याचा खरा मी स्वतः चालवला होता.

त्या बंबावर माझ्याबरोबर काडी असायचा. काडी म्हणजे माझा जोडीदार. अंगाने इतका किडकिडीत की भरतीच्या वेळी कुणीतरी म्हणालं, बंबावर काडी कशाला नेताय, आग लागेल! तेच नाव पडलं. आमच्या शिडीचा तिसरा टप्पा अडायचा. अर्धा वर जायचा आणि बसायचा. मी साहेबांना सांगितलं, काडीने सांगितलं, दोघांनी मिळून सांगितलं. साहेब म्हणायचे, "चालतंय ना? चालवा."

मग ती इमारत पेटली. काडी आतल्या जिन्याने वर गेला. चौथ्या मजल्याच्या खिडकीत एक बाई आणि तिचं पोर घेऊन उभा राहिला. मी खालून शिडी चढवली आणि ती अडली. खिडकीच्या खाली, दीड पुरुष अंतरावर. काडीने खिडकीबाहेर वाकून पोर खाली लोंबकळवलं, शिडीवरच्या माणसाच्या हातात दिलं. मग बाई दिली. त्याला धरून खाली सोडायला मात्र वर कुणीच उरलं नव्हतं. मागून जाळ आला. तो चौकटीला लोंबकळला, पाय शिडीला टेकले नाहीत, आणि हात सुटला.

चौकशीत साहेब म्हणाले, शिडी उत्तम होती. माणूस घाबरला आणि त्याने उडी मारली. मी ओरडून ओरडून सांगितलं. मला म्हणाले, भावनेच्या भरात बोलू नका. बंब बघायला चला म्हटलं, तर बंब कुठे? चौकशी संपायच्या आत भंगारात घातला होता नालायकांनी! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

म्हणून मी तोच बंब छोटा शोधून आणला. शिडी जिथे अडली होती तिथेच धरली आणि गोंद ओतला. जगात तेवढी एकच जागा उरली होती जिथे ती शिडी खरी होती. आणि जावईबापूंनी तिला तेल घातलं.

त्यात आज काडीची लेक येणार होती. तिची आई नुकतीच गेली. मरेपर्यंत त्या बाईने साहेबांचं खरं मानलं. लेकीने फोनवर विचारलं होतं, "काका, तुमच्याकडे तो बंब आहे ना? मला बघायचाय. माझे बाबा खरंच घाबरले होते का, एवढंच मला कळायचंय."

ती आली. काडीचीच अंगकाठी, त्याचंच कपाळ. टेबलावर बंब होता, लखलखीत. मी काही बोलायच्या आत तिने बोटाने शिडी वर सारली. सर्रकन गेली.

तिने शिडीच्या टोकाला बोट टेकवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पोचते की शिडी."

मी बंबाकडे हात पुढे केला.

"म्हणजे थांबले असते तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. पर्स उचलली.

जावईबापू मदतीला धावले. "अहो, कंपनीचं काम आहे. या कंपनीची शिडी पूर्ण उघडतेच."

"कंपनीची उघडते!" मी ओरडलो. बायकोच्या हातातला ट्रे हलला. "कंपनीची उघडते हो, जावईबापू! आमची उघडली नाही! तो गोंद मी घातला होता! कुणाला विचारून हात लावलात? त्या मूर्खाला विचारलंत?"

मी शिडी खाली ओढली आणि जागेवर धरली. जागा चुकली नाही. "इथे अडली, पोरी. आणि खिडकी इथे." मी दुसरं बोट वर धरलं. "घाबरला असता तर दोघांना खाली देत बसला असता का तो?"

तिने माझ्या दोन बोटांमधलं अंतर बघितलं. मग माझं बोट बाजूला केलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं.

"दादा," ती जावईबापूंना म्हणाली, "गोंद आहे?"

ते पांढरेफटक पडले होते. त्यांनी हत्यारांचा डबा आणला आणि सांध्यात थेंब सोडला. त्यांचेही डोळे भरले होते. मला दया आली नाही. अजून आलेली नाही.

"ते साहेब आहेत का अजून?" तिने विचारलं.

"आहेत की! ठणठणीत आहेत. मोठ्या बागेसमोर बंगला आहे."

"मग हा त्यांच्या टेबलावर ठेवायचाय मला. आत्ता."

मी चपला शोधायला लागलो. जावईबापूंनी गाडीची किल्ली घेतली. बायको मला अडवेल असं वाटलं होतं, तर तिनेच दार उघडून धरलं.

ती मांडीवर बंब घेऊन मागे बसली. जावईबापू खड्डे चुकवत, ब्रेक मारत, नवरीची गाडी हाकल्यासारखे चालले होते. माझं डोकं पुन्हा सटकलं. "अहो, बंब आहे गाडीत! दाबा की जरा!"

"गोंद ओला आहे, बाबा. हिसका बसला तर शिडी सुटेल."

"नाही सुटणार," ती मागून म्हणाली. "मी धरलीय."