सगळ्यांत खालच्या खिशातलं नाव

निळं जाड कापड, त्यावर दहा आडव्या ओळींत शिवलेले पारदर्शक खिसे आणि वर टांगायला चार कड्या, त्यांतली एक तुटकी. मित्रांनो, असा एक जुना खिशांचा तक्ता आहे मी. पेकन वेल्स गावच्या प्राथमिक शाळेत माझी चौदा वर्षं गेली. आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव काही चांगला नाही. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. तक्त्याला पोट कुठलं, असं तुम्ही म्हणाल. मला दहा आहेत आणि दहाही दुखतात.

कुठल्या तरी कारखान्यात मला शिवलं, घडी घालून खोक्यात भरलं आणि लेडबेटरबाईंनी मला आपल्या बालवर्गासाठी विकत घेतलं. ते दिवस सुखाचे होते. आज वार कोणता, ऊन आहे की ढग, कोण आलं, कोण आलं नाही, हे सगळं माझ्या खिशांतल्या कार्डांवरून कळायचं. मुलं चिकट बोटांनी मला चाचपत आणि त्यांच्या दुपारच्या खाऊचा वास माझ्या कापडात मुरलेला असे.

पण खिडकीत एक काचेचं भांडं होतं आणि त्यात 'कॅप्टन' नावाचा एक सोनेरी मासा. काम काय त्याचं? तोंड उघडायचं आणि मिटायचं. तरी मुलं मला सोडून त्याच्याकडे धावायची. नोव्हेंबरात, घरोघरी टर्की पक्षी भाजून खातात त्या सणाची सुटी लागली आणि त्या सुटीत कॅप्टन मेला. मुलांनी त्याला अंगणातल्या पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळांच्या झाडाखाली पुरलं, सगळा वर्ग रडला. मी मेलो तर एवढे रडतील का, एवढाच विचार माझ्या मनात आला. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच आहे.

पुढे राज्याने एक नवी पद्धत आणली. वर्षअखेरी सगळ्या शाळांतली तिसरीपासूनची मुलं एकच परीक्षा देत. आता तिच्या निकालावरून मुलांसारखीच शाळेलाही श्रेणी मिळू लागली. ए म्हणजे उत्तम, एफ म्हणजे नापास. आमच्या वाट्याला डी आला. गावच्या शाळा मंडळाने सांगून टाकलं की पुन्हा एकदा डी आला तर शाळा बंद होईल आणि मुलं पिवळ्या बसने बावीस मैलांवरच्या हार्लनला जातील. हार्लनच्या शाळेला ए होता. तिच्या दारावर त्याचा मोठा कापडी फलक लावलाय असं ऐकलं आणि न पाहिलेल्या त्या फलकावरही मी जळू लागलो.

मुख्याध्यापिका हॉडनेटबाई याच शाळेत शिकलेल्या. त्यांच्या आईने इथल्या स्वयंपाकघरात वीस वर्षं मुलांना जेवू घातलं होतं. शाळेला कुलूप ही कल्पनाच त्यांना सहन होईना. एका सोमवारी त्या बालवर्गात आल्या, मला भिंतीवरून उतरवलं आणि शिक्षकांच्या खोलीत नेऊन टांगलं. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाच्या नावाचं कार्ड झालं. माझ्या मधोमध लाल फीत शिवली. फितीच्या वर पास होणारी मुलं, खाली नापास होणारी. खोलीला कुलूप लागलं, कारण मुलांनी मला बघायचं नव्हतं.

मित्रांनो, मला केवढा गर्व चढला! दर शुक्रवारी सराव परीक्षेचे गुण हातात घेऊन शिक्षक माझ्यासमोर उभे राहत. एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फळांचा मुरंबा भरलेला 'कोलाचे' नावाचा गोड पाव, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. कोण चढलं, कोण उतरलं, यावर वाद होत. कॉफीच्या यंत्राकडे त्यांचं लक्ष जास्त वेळ राहिलं तरी मला राग यायचा.

लवकरच त्यांनी एक युक्ती काढली. फितीच्या अगदी खाली अकरा मुलं होती. दोन-तीन प्रश्न जास्त सुटले की पास. त्यांना ते 'काठावरची' म्हणत. सगळ्या जादा शिकवण्या, सगळे चांगले शिक्षक, सगळी शनिवारची सकाळ त्या अकरांना. पास होणाऱ्यांची संख्याच मोजली जायची, त्यामुळे हिशेब सरळ होता. वाचन शिकवणाऱ्या जोएला प्रूइटबाई एकदा सगळ्यांत खालच्या खिशाकडे बोट दाखवून काहीतरी बोलू लागल्या. हॉडनेटबाईंनी त्यांना थोपवलं. म्हणाल्या, "जोएला, मला कळत नाही का? पण बुडत्या होडीत आधी भोक बुजवायचं. शाळाच राहिली नाही तर कोणाला शिकवशील?"

अकरांतली नऊ मुलं पास झाली. शाळेला सी मिळाला. शिक्षकांच्या खोलीत केक कापला, कोणीतरी माझ्या कडीला फुगा बांधला. हे सगळं माझ्यामुळेच झालं, अशी माझी खात्री होती.

पण उन्हाळ्यात राज्याने मोजण्याचं माप बदललं. आता नुसतं कितीजण पास झाले ते चालणार नव्हतं. प्रत्येक मूल मागच्या वर्षीच्या स्वतःच्या गुणांपासून किती पुढे आलं, तेही मोजणार होते. आमचेच जुने गुण नव्या मापाने मोजून त्यांनी नमुना पाठवला. मुलं तीच, उत्तरं तीच, शिक्षक तेच, आणि श्रेणी डी. ते पत्र हॉडनेटबाईंनी सगळ्या शिक्षकांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या निकालात खरोखर डी आला की कुलूप.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. त्याच आठवड्यात माझ्या शेजारी एक पडदा लागला. विजेचा, चकचकीत, माझ्या दुप्पट. बोट लावलं की एका मुलाची तीन वर्षं रेषेत दिसायची. नव्याचे नऊ दिवस, असं मी स्वतःला बजावत होतो. दहावा दिवस आला, विसावा आला, तरी कॉफी घेऊन सगळे त्याच्यासमोरच उभे. माझ्याकडे कोणी पाठ टेकून उभं राहिलं तर तेवढाच स्पर्श. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. वीज गेली की कळेल, म्हणत होतो. वीजही गेली नाही.

ऑक्टोबरात त्या पडद्याने तेरा मुलांची नावं लाल करून दाखवली. वर्षभरात जागची न हललेली मुलं. हॉडनेटबाईंचा विश्वास बसेना, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. हरखलोच मी. आता हा तक्ता खरा की तो पडदा, याचा निकाल लागणार असं वाटलं. त्यांनी माझ्या सगळ्यांत खालच्या खिशातली कार्डं बाहेर काढली. वरच्या ओळींतली कार्डं हाताळून हाताळून मळली होती, कोपरे दुमडले होते. ही तेरा नवी कोरी होती. वर्षभर त्यांना कोणी हातच लावला नव्हता.

बाई एकेक नाव मोठ्याने वाचू लागल्या. एका कार्डावर थांबल्या.

"यादिरा लोंगोरिया. ही कोण गं?"

"चौथीतली," प्रूइटबाई म्हणाल्या. "रोज सकाळी तुम्ही दारात उभ्या असता तेव्हा तुमच्यासाठी दार धरून ठेवते, ती."

हॉडनेटबाईंनी कार्डं परत माझ्या खिशात सरकवली. दुसऱ्या दिवसापासून तेराही मुलं वाटून घेतली गेली. यादिरा बाईंनी स्वतःकडे घेतली. रोज जेवणाच्या सुटीत अर्धा तास वाचन, शिक्षकांच्या खोलीतच, कारण दुसरी खोली रिकामी नव्हती. पडद्याचा मत्सर कमी होता म्हणून की काय, आता मी त्या पोरीवरही जळू लागलो. बाईंचं सगळं लक्ष तिच्या बोटाखालच्या ओळीकडे. अडखळली की बाई थांबत, जमलं की टेबलावर हलकेच थाप मारत. माझ्यासाठी कोणी कधी टेबलावर थाप मारली नव्हती.

मुलांपासून मला लपवायचं असतं, हे बाईंच्या ध्यानातून गेलं होतं. आमच्या खोलीत मूल कधी येतच नसे ना. एके दिवशी वाचता वाचता यादिराने मान वर केली आणि आता तिला वाचता येत होतं.

"मिस, माझं नाव तिथे खाली का आहे?"

मला तेव्हा गुंडाळून ठेवलं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कारण आम्ही तुला तिथे ठेवलं आणि विसरलो, बाळा," त्या म्हणाल्या. "चूक आमची आहे."

"मग वर जायचं तर काय करायचं?"

"हे पान पुरं करायचं."

तिने पान पुरं केलं. सुटी संपल्यावर बाईंनी माझे दहाही खिसे रिकामे केले. पेकन वेल्समध्ये कुठल्याच मुलाचं नाव पुन्हा भिंतीवर लागलं नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. ऑगस्टमध्ये, नवं वर्ष सुरू होता होता, निकाल आला. शाळेला सत्तर गुण, म्हणजे जेमतेम सी. एकोणसत्तर असते तर कुलूप लागलं असतं. तेरांपैकी दहा मुलं पुढे सरकली होती आणि सगळ्यांत लांब आली होती यादिरा. शिक्षक पडद्यासमोर एकमेकांच्या गळ्यात पडले. मी रिकाम्या खिशांनी बघत होतो.

मग मुलांच्या घरी द्यायची पत्रं निघाली. यादिराच्या पत्रावर लिहिलं होतं: अपेक्षित पातळी गाठली नाही. पासला सहा प्रश्न कमी पडले होते. ते पत्र पोस्टाने जाऊ द्यायला हॉडनेटबाई तयार होईनात. त्यांनी तिला बोलावलं, समोर बसवलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. आता तिला कोणी वाचून दाखवायची गरज नव्हती. तिने ते सावकाश, एकटीने, शेवटपर्यंत वाचलं.

"म्हणजे मी नापास?"

"या कागदावर, हो."

"आणि शाळा?"

"शाळा पास झाली. तुझ्यामुळे."

यादिराने पत्राची नीट चौकोनी घडी घातली.

"मग यंदा शाळेने मला पास करायचं," ती म्हणाली, आणि बाईंच्या शेजारची खुर्ची ओढून पुस्तक उघडून बसली.

मित्रांनो, मी माशावर जळलो, फलकावर जळलो, पडद्यावर तर किती जळलो. ते सगळं पोरकटपणाचं होतं. आता मी कपाटात घडी होऊन पडलो आहे आणि एकाच वस्तूचा मला मनापासून हेवा वाटतो. ती म्हणजे ती खुर्ची. वर्षभर ती पोर माझ्याजवळ होती आणि मी तिला फक्त खाली धरून ठेवलं. खुर्चीने तिला बसायला जागा दिली. माप बदलत राहील, पुढच्या वर्षी पुन्हा बदलणार आहे असं ऐकतो. तुम्ही मात्र कोणाचं नाव सगळ्यांत खाली दिसलं, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा.