गोड खिडकी

दुपारची भांडी पालथी घालून आजी खिडकीशी बसल्या. ती त्यांची हक्काची जागा. लग्न होऊन त्या या भाड्याच्या खोलीत आल्या, तेव्हा खिडकी पांढरीशुभ्र होती. जाड, चकचकीत तैलरंग. लेक जन्मली त्या साली थोरल्या घरमालकांनी खिडकीवर हिरवा हात मारून दिला. "लक्ष्मी आली घरात, खिडकी नवी करू," असं म्हणाले होते. मुलाच्या लग्नात निळा लागला. आता टवके उडालेल्या जागी हे सगळे रंग एकाखाली एक दिसत. आजींना ते न्याहाळत बसायला आवडे. सगळा संसार त्या कडेवर मांडून ठेवलाय, असं वाटे.

दमट हवेत झडपा फुगत, चौकटीला घासत. मालकांना कशाला त्रास, म्हणून आजी स्वतःच पॉलिशपेपरने त्या घासून काढत. भुकटी उडे, ती पदराने पुसत. "भाडेकरू असावा तर असा! कधी तक्रार म्हणून नाही," थोरले मालक चारचौघांत म्हणत. त्या एका शब्दावर आजींनी कितीतरी वर्षं काढली.

आजही त्यांनी पॉलिशपेपर घेतला. धाकटी नात चौकटीला हनुवटी टेकून बघत होती. हल्ली तिचं पोट दुखायचं, चेहरा उतरलेला असायचा. येत असलेले शब्दही ती विसरू लागली होती. कालच चमचा दाखवून म्हणाली, "ते दे... ते खायचं."

तेवढ्यात दवाखान्यातून सून आली. चप्पलही न काढता तिने पोरीला उचललं.

"आई, ठेवा ते खाली! आधी ठेवा!"

"अगं, झालं तरी काय?"

"हिच्या रक्तात शिसं निघालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या तैलरंगात असायचं. पोरं टवके खातात, भुकटीचे हात तोंडात घालतात. मेंदूवर जातं ते."

"काहीतरीच! याच खिडकीशी दोन पोरं वाढवली मी. काय झालं त्यांना?"

बोलून गेल्या आणि आजी थबकल्या. कोपऱ्यात त्यांची लेक बसली होती. सगळे तिला ताई म्हणत. चाळिशी उलटली होती, पण बटणांचे ढीग रंगाप्रमाणे लावणं एवढंच तिला जमे. चालायला, बोलायला वेळेवर लागलेली मुलगी. शाळेत मात्र अक्षर डोक्यात टिकेना. "जरा मंद आहे," बाई म्हणाल्या, आणि घराने ते मान्य करून टाकलं.

ताई बटणांवरून मान वर करून हसली. "गोड लागते ना खिडकी? मी पण खायची. हिरव्याच्या आतली पांढरी. धाकट्याला नाही द्यायची."

सून पोरीचे हात पुन्हा पुन्हा धूत राहिली.

सुनेने निरोप धाडला, तसे दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आले. थोरल्यांच्या माघारी आता त्यांचा मुलगा मालक होता. सोबत रंगारी आणि रंगाचा डबा.

"एवढंच ना आजी? मस्त क्रीम कलरचा हात मारून देतो. झाकलं की संपलं."

"उघडमीट केली की वरचा रंग घासून जातो," सून म्हणाली. "आतलं पुन्हा बाहेर येतं."

"डॉक्टरांचं काय जातंय बोलायला! वहिनी, तुम्ही नव्या आहात. आजींना विचारा, आपलं घरच्यासारखं आहे." मग आजींकडे वळून हसत म्हणाले, "बाबांच्या वेळीही कुणीतरी हेच डोक्यात भरवलं होतं. पांढऱ्यात विष आहे, पोरंबाळं आहेत, काढून टाका म्हणे. बाबांनी वरून हिरवा हात मारला. मिटला विषय!"

"हिरवा?" आजींनी विचारलं. "माझ्या लेकीच्या वेळचा?"

मालकांचं हसू विरलं. रंगारी डब्याचं झाकण उघडत होता. आजींनी त्यावर तळहात ठेवला.

"माझ्या लेकीचं यानेच झालं की नाही, ते आता कुणी सांगू शकणार नाही. पण थोरल्यांना माहीत होतं. आणि मी त्यांना दुवा देत राहिले."

"आजी, जुनं कशाला उकरता..."

"उकरायचंच आहे. भिंत तुमची, खिडकी तुमची, मग आतलं विषही तुमचंच. जाणती माणसं बोलवा, ओलं करून, नीट झाकपाक करून काढा. तोवर पोरांना घेऊन आम्ही कुठे राहायचं, ते तुम्ही बघायचं."

"नाही जमणार. पटत नसेल तर खोली सोडा. घेणारे रांगेत उभे आहेत."

"ठाऊक आहे. म्हणूनच सोडणार नाही."

त्या कठडा धरून जिना चढू लागल्या. वरच्या खोलीत एक गरोदर पोर राहायची. तिथेही तशीच खिडकी, त्याच काळची.

दार उघडलं. पोरीच्या केसांवर पांढरी भुकटी होती, हातात पॉलिशपेपर.

"आजी! बरं झालं आलात. तुम्ही दाखवलं तसंच घासतेय बघा. बाळ यायच्या आत खिडकी कशी गुळगुळीत करून ठेवते."

आजींनी तो कागद तिच्या बोटांतून सोडवून घेतला. खाली मालकांचा आवाज चढला होता. ते रंगाऱ्याला डबा उघडायला सांगत होते.

"हात धू," आजी म्हणाल्या. "आणि चल माझ्याबरोबर खाली. आज मालकांकडे मला तक्रार करायचीय."