एकाच कपाटातले दोन कप्पे

घरात बँकेचा फोन आला की आपल्यापैकी किती जण उठून बाहेर जातात? खरं सांगायला लाज वाटेल, पण पुष्कळ जण जातात. एक लिफ्ट मेकॅनिक होता, तोही जायचा. जेवता जेवता फोन वाजला की ताटावरून उठायचा, बाल्कनीत जायचा, दार ओढून घ्यायचा आणि हळू आवाजात बोलायचा. परत आल्यावर बायकोने "कोणाचा हो?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "काही नाही गं, कामाचा. तू कशाला डोकं शिणवतेस?"

बायको शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. तिथल्या दोनशे बाटल्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. कुठल्या बाटलीत काय, किती उरलंय, कधी मागवायचं, हे तिला तोंडपाठ होतं. पण आपल्या घरात किती येतं, किती जातं, विमा कुठला, हप्ते कसले, यातलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. सुरुवातीला तिने विचारून पाहिलं. "मी आहे ना!" या तीन शब्दांपुढे तिचे प्रश्न संपले. मग तिने आपल्यापुरता मार्ग काढला. स्वतःच्या पगारातून आणि किराण्याच्या खर्चातून उरेल तेवढं ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात एका जुन्या पर्समध्ये टाकत गेली. नवऱ्याला कळू द्यायचं नाही, हे ओघानं आलंच. सहा वर्षं हे चाललं होतं.

एका मंगळवारी सकाळी अकराला शाळेत फोन आला. मेकॅनिक लिफ्टच्या खड्ड्यात घसरून पडला होता. पाय दोन ठिकाणी मोडला होता.

ती रुग्णालयात पोहोचली तेव्हा त्याला नुकतंच गुंगीचं औषध दिलं होतं. खिडकीवरच्या माणसाने शस्त्रक्रियेसाठी चाळीस हजार भरायला सांगितले. तिने नवऱ्याच्या पाकिटातलं विम्याचं कार्ड पुढे केलं. त्या माणसाने पडद्यावर पाहिलं आणि कार्ड परत सरकवलं.

"ताई, हा विमा दोन महिन्यांपूर्वीच बंद झालाय. हप्ता भरलेला नाही."

नवऱ्याच्या कंत्राटदाराला फोन केला, तर त्याने "कागदपत्रं पाहतो, आठवडाभर तरी लागेल" असं सांगून काखा वर केल्या. ती रिक्षाने घरी गेली, कपाटापाशी स्टूल ठेवून त्यावर चढली आणि पर्स खाली काढली. आत अठ्ठावन्न हजार होते. चाळीस भरले, शस्त्रक्रिया झाली आणि पाय वाचला.

शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "पैसे कुठून आणलेस?"

ती गडबडली. "मावशीने दिले," ती म्हणाली.

दोन दिवसांनी मावशी भाचेजावयाला भेटायला आली. टपाल कार्यालयाच्या बचत खिडकीवर एकतीस वर्षं बसून निवृत्त झालेली बाई; बोलणं कमी, पण नजर भारी. खाटेजवळ मुलगीही होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली, वडिलांचा फोन हातात धरून बसलेली.

मेकॅनिकने हात जोडले. "मावशी, तुमचे पैसे मी बुडवणार नाही. पायावर उभा राहिलो की आधी तुमचे चाळीस हजार."

"कसले चाळीस हजार?" मावशी म्हणाली.

बायकोने मान खाली घातली. "माझेच होते ते. साठवलेले."

"साठवलेले? माझ्यापासून लपवून?" त्याचा चेहरा पडला. "इतक्या वर्षांत माझ्यावर एवढा अविश्वास?"

ती काही बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मुलीने भोळेपणाने उचलला आणि बाबांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून एक बाई शांतपणे सांगत होत्या, की क्रेडिट कार्डाचे पन्नास हजार थकले आहेत आणि या महिन्याची किमान रक्कमही आलेली नाही.

या वेळी बाल्कनीत जायची सोय नव्हती. पाय वजनाला बांधलेला होता. त्याने फक्त डोळे मिटून घेतले.

"पन्नास हजार!" बायको म्हणाली. "आणि मी अविश्वास दाखवला म्हणता?"

"आई, हळू," मुलगी म्हणाली. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण पान काही उलटत नव्हतं.

मावशीने पर्समधून चष्मा काढला. "जावईबापू, व्याज किती लागतं त्याला?"

"महिन्याला शेकडा तीन."

"आणि कधीपासून आहे हे?"

"चौदा महिने झाले. मी दर महिन्याला जेमतेम व्याजापुरतं भरतो. मुद्दल तसंच आहे."

"म्हणजे महिन्याला दीड हजार. चौदा महिन्यांचे एकवीस हजार नुसते व्याजात गेले." मग ती भाचीकडे वळली. "आणि तू पर्स कुठे ठेवली होतीस गं?"

"कपाटात. वरच्या कप्प्यात."

"कार्डाचे कागद कुठे असतात?"

"खालच्या कप्प्यात," मेकॅनिक पुटपुटला.

"अरे देवा!" मावशीने कपाळाला हात लावला. "एकाच कपाटात वर पैसे नुसते पडून आहेत आणि खाली व्याज चढतंय! मधे एक फळी! तुमच्या घरात चोर शिरला असता ना, तर त्याला तुमच्या संसाराची तुमच्यापेक्षा जास्त माहिती झाली असती."

मुलीला हसू फुटलं, पण लगेच ती गंभीर झाली. "पण आजी, आईने त्यातून कार्ड फेडलं असतं, तर परवा दवाखान्यात काय भरलं असतं?"

"चांगलं विचारलंस. विम्याचा वर्षाचा हप्ता किती होता?"

"सोळा हजार," मेकॅनिक म्हणाला. "कार्डाच्या ओढाताणीत राहून गेला."

"म्हणजे व्याजात गेलं तेवढ्यात हप्ता भरून पाच हजार उरले असते. विमा चालू असता, तर ही चाळीस हजारांची वेळच आली नसती. हिशेब अवघड नाहीये रे. तो तुम्ही दोघांनी मिळून केला नाही, एवढंच."

बायकोने आता रागाने नाही, कळवळून विचारलं, "अहो, पण एवढे पैसे लागले कशाला?"

तो छताकडे बघत सांगू लागला. "गेल्या वर्षी ओव्हरटाइम बंद झाला. पगार एकदम खाली आला. त्याच महिन्यात आपण डोंगरावर सहलीला जायचं ठरवलं होतं. मग पोरीचा फोन, मग नवा टीव्ही..."

"मला सांगितलं असतंत, तर सहलीचं नावही काढलं नसतं मी."

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा महिने हा माणूस एकटा बाल्कनीत उभा राहून काय सोसत होता, हे तिला आत्ता दिसलं. आणि आपल्या बायकोने अविश्वासाने नव्हे, तर भीतीपोटी पै-पै जमवली, हे त्याला दिसलं. "भीती वाटायची हो," ती म्हणाली. "उद्या काही झालं तर मी कोणत्या दारात जाऊ, हेच मला ठाऊक नव्हतं."

मेकॅनिक घरी आल्यावर पहिल्याच शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडले गेले. मावशीने कोणावर आवाज चढवला नाही. प्रत्येक कागदावर एकच प्रश्न विचारला, "हे कशासाठी?" व्यायामशाळेची वर्गणी दर महिन्याला कापली जात होती. तिथे शेवटचं पाऊल दीड वर्षापूर्वी पडलं होतं. टीव्हीवरच्या चार वाहिन्यांचे पैसे जात होते, बघत होते एकच. मित्राच्या आग्रहाखातर घेतलेली एक योजना होती, तिचं नावही कोणाला नीट सांगता येईना. हे सगळं बंद झालं. पर्समधले उरलेले अठरा हजार आणि कंत्राटदाराकडून अखेर मिळालेली भरपाई कार्डात गेली. कार्ड मुलीने कात्रीने कापलं.

पुढचे महिने सोपे नव्हते. पाय बरा होईपर्यंत निम्माच पगार होता. नव्या विम्यात काही आजारांसाठी दोन वर्षं थांबावं लागणार होतं. ते नुकसान भरून येणार नव्हतं. घरात चिडचिड झाली, एकदा तर दोघं दोन दिवस बोललीही नाहीत. पण शनिवारची अर्ध्या तासाची बैठक कोणी चुकवली नाही. नवव्या महिन्यात कार्डाची शेवटची रक्कम गेली. त्यानंतर पगार झाला की आधी थोडी रक्कम दोघांच्या नावाच्या वेगळ्या खात्यात पडू लागली. तीन महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.

अशाच एका शनिवारी मुलीने कॉलेजच्या अभ्याससहलीचा विषय काढला. सहा हजार लागणार होते. मेकॅनिकने घसा खाकरला. सवयीने त्याची नजर बाल्कनीच्या दाराकडे गेली. मग त्याने मुलीकडे बघून सरळ सांगितलं, "बाळा, या महिन्यात नाही जमणार. पुढच्या खेपेला नक्की."

"बरं बाबा," मुलगी म्हणाली आणि वही उघडून बसली.

बस्स, एवढंच! आभाळ कोसळलं नाही, बापाची किंमत कमी झाली नाही. ज्या एका वाक्याला तो चौदा महिने घाबरला, ते वाक्य उच्चारायला पाच सेकंदही लागले नाहीत.

मंडळी, आपण घरच्यांना काळजी नको म्हणून पैशाच्या गोष्टी झाकून ठेवतो आणि त्यालाच माया समजतो. पण ज्याला आपण सुखात ठेवू पाहतो, त्यालाच आपण अंधारात उभं करतो, हे लक्षात येत नाही. काटकसर तर करायलाच हवी, विमाही वेळेवर भरायला हवा. पण त्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला घराची खरी परिस्थिती ठाऊक हवी. आज जेवणं झाली की आपल्या माणसाला शेजारी बसवा आणि एवढंच विचारा, "उद्या मी अंथरुणाला खिळलो, तर काय कुठे आहे हे तुला माहीत आहे का?" उत्तर 'नाही' असेल, तर उठू नका. तिथूनच सुरुवात करा.