बेसिलच्या पेशी

बेसिलला ऊन बाधतं, हे वसईजवळच्या नंदाखाल गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणीच त्याच्या चेहऱ्यावर काळे ठिपके उठले, मग गाठी आल्या. त्याची आई सालोमी दिवसभर खिडक्यांना चादरी लावून ठेवी. केळीच्या बागेत तो जायचा तो सूर्य बुडाल्यावरच.

थोरली बहीण क्लेमेंटीन मुंबईत पेशींवर संशोधन करायची. १९८३ साली तिने डॉक्टरांकडून बेसिलच्या दंडाच्या कातडीचा बारीक तुकडा काढून घेतला.

"काय बघणार त्यात?" बेसिलने विचारलं.

"उन्हाने सगळ्यांचाच डीएनए बिघडतो. पेशी बिघडलेला तुकडा कापून टाकते आणि तिथे नवा भरते. भरणारं एन्झाइम आम्ही औषध घालून अडवतो. मग कापलेल्या जागा उघड्याच राहतात, मोजता येतात."

"माझ्यात किती निघतील?"

"बघूया."

बाटलीत पेशी वाढल्या. आता त्यांच्यावर अतिनील दिवा लावायचा होता. बटणावर बोट ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली. ज्या किरणांपासून घराने त्याला जन्मभर लपवलं, तेच ती त्याच्यावर सोडत होती. शेवटी तिने बटण दाबलं.

औषध घातल्यावर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी पेशींत उघड्या जागांचा खच पडला. बेसिलच्या पेशींत जवळजवळ एकही नाही. त्याच्यात कापणंच सुरू होत नव्हतं.

"फारच स्पष्ट निकाल आहे," तिचे सर म्हणाले. तिला मान वर करवेना.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिने बेसिलला सगळं सांगितलं.

"म्हणजे थांबवायचं औषध आहे तुमच्याकडे," तो सावकाश म्हणाला. "सुरू करायचं नाही."

"नाही रे."

स्वयंपाकघरात सालोमी मासे साफ करत होती. तिने सगळं ऐकलं होतं. "तान्हा असताना न्हाऊ घालून मी त्याला अंगणात उन्हात निजवायचे," ती म्हणाली. "तेव्हाच बाधलं असेल."

"सगळ्याच आया निजवतात. मलाही निजवलं होतंस. तो जन्मालाच असा आला, आई."

सालोमीचे हात थांबले. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच लेकीसमोर रडली.

पुढच्या वर्षी गाठी पसरत गेल्या आणि बेसिल गेला. दफनाहून परतताना सालोमीने विचारलं, "त्याच्या पेशी आहेत अजून?"

"गोठवून ठेवल्यात. जिवंत आहेत."

"त्यांना परत तो दिवा दाखवू नकोस."

"नाही दाखवणार," क्लेमेंटीन म्हणाली. पुढचं काम तिने दुसऱ्या एका रुग्णाच्या पेशींवर केलं. त्यालाही कोणी आई असेल, हे तिला रोज आठवायचं.