अठ्ठाविसावा दिवस

"एका रात्रीचाच प्रश्न आहे, उल्का. त्यांनी आज बाहेर जायचं, उद्या अकराला आत यायचं. आपण व्हिसाच्या स्टॅम्पिंगला सीमेपलीकडे मेक्सिकोत, नोगालेसला जाऊन आलो ना, तसंच." गाडी पार्क करत श्रीरंग बायकोला म्हणाला.

"तेव्हा माझ्या नाकात डोरिससारख्या नळ्या नव्हत्या रे."

अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या चिप-कारखान्यातल्या या इंजिनिअरने २००६ मध्ये वाळवंटातल्या एका आरव्ही पार्कमधले तीन लॉट विकत घेतले होते. लॉट म्हणजे फिरते घर उभे करण्यापुरते काँक्रीट, एक नळ, विजेचा एक खांब. जमीन दगा देत नाही, ही श्रद्धा पुण्याहून सामानाबरोबर आलेली. त्यामुळे काँक्रीटचेही यथासांग भूमिपूजन झाले होते. तीस दिवस उलटले की पाहुण्याचा भाडेकरू होतो आणि त्याला हक्क फुटतात, म्हणून अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्येकाने एका रात्रीपुरते निघायचे. हा नियम श्रीरंगने लॅमिनेट करून खांबाला लावला होता.

ओहायोतले घर कर्जापायी बँकेने घेतल्यापासून वॉल्टर आणि डोरिस हे नवरा-बायको ट्रेलरमध्येच राहत; श्रीरंगच्या लॉटवर आज त्यांचा अठ्ठाविसावा दिवस होता. डोरिसचे ऑक्सिजनचे यंत्र त्या खांबावरच्या विजेवर चाले.

"आज कुठेच जागा नाही," वॉल्टर म्हणाला. "जनरेटर आहे, पण त्याचा भरवसा नाही. तिला हलवायला लावू नका."

"नियम सगळ्यांना सारखाच आहे, सर." नोगालेसच्या खिडकीपलीकडचा अधिकारी श्रीरंगशी ज्या मार्दवाने बोलला होता, ते त्याने हुबेहूब आत्मसात केले होते.

"राहू दे ना रे एक रात्र," उल्का मराठीत म्हणाली.

"आणि मग हलले नाहीत तर? आपल्या गिरीशच्या घरात भाडेकरू अजून ठाण मांडून बसलाय, यार. कोर्ट चालू आहे."

वॉल्टरला शब्द कळले नाहीत, निकाल कळला. त्याने स्वतःच वायर काढली, नीट गुंडाळली आणि ट्रेलर नेला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला ट्रेलर परतला. उल्काने डोरिससाठी मऊ भाताचा डबा आणला होता. श्रीरंगने नवा करार पुढे केला. वॉल्टरने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. 'राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात छापलेला दोनचा आकडा त्याने एका सरळ रेघेने खोडला आणि शेजारी एक लिहिला.

"जनरेटर पहाटे बंद पडला," तो म्हणाला.

मग त्याने पेन श्रीरंगपुढे धरले.

"खाडाखोडीजवळ तुमचीही सही लागते. इथे लिहिलंय."

श्रीरंगने सही केली.